मुसळाने लिहिलेला अर्ज



समजा, शेजाऱ्याची गाय रोज सुटते आणि तुमच्या घरातल्या बाईने परड्यात लावलेली भाजी फस्त करते. एकदा सांगून झाले, दोनदा सांगून झाले. शेजारी नुसता हसतो. घरधनी म्हणतो, कशाला भावकीत वाकडेपणा घ्यायचा? पोलीस पाटलाकडे जावे, तर तो शेजाऱ्याचा मामेभाऊ. तालुक्याला जावे, तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे अंगावर पडते. अशा वेळी त्या बाईने काय करावे?

आपल्याकडे याला सरळ उत्तर नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नायजेरिया नावाचा देश आहे. तिथल्या इग्बो समाजातल्या बायकांकडे मात्र याला उत्तर होते, आणि ते फार जुने होते. त्या उपायाचे नाव होते ‘माणसावर बसणे’. नाव ऐकून हसू येईल, पण आपल्या ‘धरणे धरून बसणे’ याच्याच जवळचे ते आहे.

त्याची रीत अशी. गावातल्या बायका आधी आपसात बसत आणि कागाळी खरी की खोटी ते ठरवीत. खरी ठरली की, बहुतेक रात्रीच्या वेळी, सगळ्या मिळून त्या माणसाच्या अंगणात जात. हातात कंद कुटायची मुसळे असत. तिथे त्या गाणी म्हणत आणि नाचत. गाण्यात त्या माणसाचा गुन्हा तपशीलवार सांगितलेला असे. कोणाचे पीक गाईला चारले, बायकोला कसे मारले, बाजाराचा कोणता नियम मोडला, सगळे त्यात येई. शिवाय त्याच्या मर्दपणाची यथेच्छ टवाळी. आपल्याकडे लग्नात विहिणीच्या नावाने उणेदुणे काढणारी गाणी म्हणतात, नाहीतर शिमग्याला कंजुषाच्या दारात बोंब मारतात, तसेच काहीसे. मात्र हे गमतीसाठी नव्हे. गाता गाता त्या मुसळांनी भिंती बडवीत. तो ऐकेनाच, तर घराला चिखल फासत, कधी छप्परही उतरवीत. तो माणूस बाहेर येऊन चूक कबूल करी आणि पुन्हा असे होणार नाही म्हणून वचन देई, तेव्हाच त्या घरी जात.

आणि लक्षात घ्या, त्या वेळी गावातला एकही पुरुष मध्ये पडत नसे. ज्याच्यावर बायका बसल्या त्याने आपल्या करणीने ते ओढवून घेतले, असेच सगळे मानत.

तुम्ही म्हणाल, हा कृषी विस्तार अधिकारी आज खत-बियाणे सोडून गाण्याबजावण्याचे काय सांगतो आहे? पण ही गोष्ट शेतातलीच आहे. शिवाय तिच्यात माझ्यासारखाच एक वहीवाला माणूस आहे. म्हणून ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

आधी त्या मुलखाची शेती पाहू. नायजेरियाच्या आग्नेय भागात पाऊस भरपूर आणि जंगल दाट. आपल्या कोनफळाच्या जातीचा मोठा कंद हे तिथले मानाचे पीक, आणि ते पुरुषाचे मानले जाई. ज्या कंदाचा आपण उपासाला साबुदाणा करतो तो कंद, आणि अळकुड्या, ही बायकांची पिके. शिवाय तेलमाडाची झाडे जागोजाग. हा तेलमाड मूळचा पश्चिम आफ्रिकेचाच. आज मलेशिया आणि इंडोनेशियात त्याच्या प्रचंड बागा आहेत, तिथले पामतेल आपल्या कढईत येते, आणि गोव्यात व कोकणातही त्याची थोडी लागवड झालेली आहे.

तेलमाडाची फळे पुरुष झाडावर चढून काढीत. पुढचे काम बायकांचे. फळे उकडायची, उखळात कुटायची, तुडवायची, आणि वर आलेले लाल तेल काढून घ्यायचे. साधारण रीत अशी की तेल नवऱ्याचे, आणि फळातली बी बायकोची. ती टणक बी दगडावर ठेवून एकेक फोडायची आणि आतला गर बाजारात विकायचा. तो पैसा तिचा स्वतःचा. मीठमिरची, पोरांचे कपडे, अडीनडीचा खर्च त्यातून निघे. तेल आणि गर दोन्ही विलायतेला जात. तिकडे त्याचा साबण होई, मेणबत्त्या होत, लोण्याऐवजी खायचा मार्गारीन होई.

त्या मुलखात बहुतेक ठिकाणी राजा नव्हता. गावाचा निर्णय गावसभेत होई. बायकांच्या सभा वेगळ्या भरत. कोणत्या मालाचा भाव काय ठेवायचा, बाजारात कोणी कसे वागायचे, कोणाची गुरे बांधून ठेवायची, हे त्या सभेत ठरे. ‘माणसावर बसणे’ हा त्या सभेच्या हातातला दंडा होता. म्हणजे गाणे ही निव्वळ करमणूक नव्हती. ज्याला आपण अर्ज, नोटीस आणि शिक्षा म्हणतो ते तिन्ही त्यात होते.

पुढे तिथे इंग्रज आले. राजा नाही असा मुलूख त्यांना समजेना. सही कोणाची घ्यायची, कर कोणाकडून मागायचा? तेव्हा त्यांनी आपल्या सोयीची माणसे निवडली, त्यांना सनद दिली, अधिकाराची टोपी दिली आणि त्यांनाच मुखिया ठरवले. त्यातल्या पुष्कळांना गावात मान नव्हता. सनदेच्या जोरावर त्यांनी दंड उकळले, वेठबिगार घेतली. कुंपणच शेत खाऊ लागले. बायकांच्या सभेची तर इंग्रजांच्या वहीत नोंदच नव्हती. सनद मिळालेले मुखिये जवळजवळ सगळे पुरुष, हे वेगळे सांगायला नको.

मग कर आला. आधी पुरुषांची मोजणी झाली. ही मोजणी कराकरता आहे असे कोणी सांगितले नाही. १९२८ साली मात्र पुरुषांवर कर बसला. तेव्हापासून बायकांनी मनाशी एक खूणगाठ बांधली: वहीवाला मोजायला आला, की त्याच्यामागून कर येतो. त्यातच १९२९ साली पामतेलाचे आणि गराचे भाव घसरले. बाजारातून आणायच्या वस्तू मात्र स्वस्त झाल्या नाहीत. भाव पडलेला आणि देणे वाढलेले, हे दुखणे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

अशा वेळी ओलोको नावाच्या गावाच्या भागात एका नव्या इंग्रज अधिकाऱ्याला वाटले, की आधीची मोजणी कच्ची आहे. त्याने हुकूम काढला: बायका, मुले आणि जनावरे यांची मोजणी करा. तिथला सनदी मुखिया ओकुगो. त्याने हे काम एमेरेउवा नावाच्या एका शाळामास्तराकडे सोपवले. १९२९ च्या नोव्हेंबरात मास्तर वही घेऊन घरोघर फिरू लागला.

एका घरी न्वान्येरुवा नावाची वयस्क बाई तेल काढत बसली होती. मास्तर म्हणाला, तुझ्या शेळ्या, मेंढ्या आणि माणसे मोजून सांग. ती संतापली. तुझ्या आईची मोजणी झाली का, असे तिने त्यालाच उलट विचारले. शब्दाने शब्द वाढला, दोघांनी एकमेकांचा गळा धरला. तिचे हात तेलाने माखलेले, तसेच त्याच्या अंगाला लागले. तो पळाला मुखियाकडे, आणि ती धावली बायकांच्या सभेकडे.

इथून पुढे जे घडले त्याला कोणा पुढाऱ्याने आखणी करून दिली नव्हती. बायकांनी शेजारच्या गावांना तेलमाडाची पाने पाठवली. पान मिळाले त्या गावाने पुढच्या गावाला पान पाठवायचे. ना चिठ्ठी, ना तार. बाजाराच्या दिवशी एकत्र येणाऱ्या बायकांचे जाळे आधीच विणलेले होते, त्यातून पान धावत गेले. हजारो बायका ओलोकोला जमल्या आणि ओकुगोच्या वाड्यावर ‘बसल्या’. रीत तीच जुनी: गाणी, नाच, मुसळांचा ठोका. मागणी मात्र नवी होती. मुखियाची टोपी काढून घ्या, आणि बायकांवर कर बसणार नाही हे लिहून द्या.

लिहून द्या! गाण्यातून बोलणाऱ्या बायकांनी कागद मागितला. वही ज्यांच्या हातात, त्यांना तोंडी वचनाची किंमत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांना कर न बसवण्याचे लेखी आश्वासन मिळाले. ओकुगोवर खटला होऊन त्याला दोन वर्षांची कैद झाली. ओलोकोत इकोन्निया, न्वान्नेदिया आणि न्वुगो या तीन बायका पुढे होत्या. त्यांनी आणि न्वान्येरुवाने मारहाण होऊ दिली नाही.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरे झाले असते. पण पाने पुढे गेली होती. डिसेंबरात ओवेरी आणि कालाबार या दोन प्रांतांत बायका उठल्या. इग्बोच नव्हे, शेजारच्या इबिबियो आणि इतर समाजांच्याही. हा सगळा टापू सहा हजार चौरस मैलांहून मोठा, आणि वस्ती सुमारे २० लाख. बायका ठरलेल्या वेषात येत. कमरेला आखूड वस्त्र, तोंडाला कोळसा नाहीतर राख, डोक्याला कोवळ्या नेच्याची पाने, आणि हातात तेलमाडाच्या झावळीने गुंडाळलेली काठी. त्या वेषाचा अर्थ त्यांच्या माणसांना बरोबर कळे: आता आम्ही घरातल्या राहिलो नाही, लढाईला निघालो आहोत.

त्यांनी सनदी कचेऱ्यांसमोर गाणी म्हटली, नंतर कित्येक कचेऱ्या मोडल्या, काही जाळल्या. तुरुंग फोडून कैदी सोडले. आबा या व्यापारी गावात गोऱ्या कंपन्यांची दुकाने लुटली गेली. झाले ते झाले, झाकून काय उपयोग? बायकांच्या दृष्टीने हे जुन्या रीतीचेच पुढचे पाऊल होते. ऐकत नाही त्याचे छप्पर उतरवायचे. फरक इतकाच, की या वेळचे छप्पर साम्राज्याचे होते.

साम्राज्याने बंदुकीने उत्तर दिले. डिसेंबरच्या मध्यावर दोन ठिकाणी सैनिकांनी बायकांच्या जमावावर गोळ्या झाडल्या. त्यात ओपोबो या बंदराच्या गावी झालेला गोळीबार सगळ्यांत भयंकर होता. एकूण ५० हून जास्त बायका मेल्या, आणि जवळजवळ तितक्याच जखमी झाल्या. एवढ्या मोठ्या उठावात बायकांच्या हातून एकही माणूस मेला नाही, ना गोरा ना काळा. मरण आले ते बायकांना.

उखळात डोके घातल्यावर मुसळाची भीती कशाला, असे आपण म्हणतो. इथे मुसळ ज्यांच्या हातात होते, डोके त्यांचेच फुटले.

पुढे चौकशी झाली. पहिल्या चौकशीने गोळीबार योग्य ठरवला. ओरड झाल्यावर १९३० साली मोठा आयोग नेमला गेला. त्याने शेकडो साक्षी घेतल्या. साक्ष द्यायला बायका आल्या, पण साक्ष ऐकणाऱ्यांत एकही बाई नव्हती. इंग्रजांच्या दप्तरात या प्रकरणाचे नाव पडले ‘आबाची दंगल’. त्या मुलखातले लोक मात्र आजही त्याला ‘बायकांचे युद्ध’ म्हणतात. या दोन नावांत पुष्कळ अंतर आहे. दंगल म्हटले की डोके फिरलेला घोळका डोळ्यांपुढे येतो. युद्ध म्हटले की त्यामागे कारण असते, सभा असते, मागणी असते.

मिळाले काय? बायकांवरचा कर टळला. सनदी मुखियांची पद्धत मोडली आणि १९३३ पासून नवी व्यवस्था आली. तिच्यात एका टोपीवाल्याऐवजी अनेकजण मिळून न्यायाला बसू लागले. काही मोजक्या न्यायसभांत बायकाही आल्या. हा विजयच होता. पण एक गोष्ट गेली. आपला निवाडा आपणच करून शिक्षा देणे हा नव्या कायद्याने गुन्हा ठरला, म्हणजे ‘माणसावर बसणे’ही बेकायदा झाले. ज्या बाईची भाजी गाय खाते, तिने आता कचेरीत अर्ज करायचा. अमेरिकेतल्या ज्युडिथ व्हॅन अ‍ॅलन नावाच्या अभ्यासक बाईंनी १९७२ साली यावर एक गाजलेला लेख लिहिला. इंग्रजांना बायकांची सभा दिसलीच नाही, म्हणून तिची ताकद हिरावली गेली हेही त्यांना दिसले नाही, असे त्यांचे म्हणणे.

मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त हेच टोचते. बायकांनी मागणी लपवली नव्हती. गावोगाव, भर अंगणात, ठेक्यावर म्हणून दाखवली होती. अधिकाऱ्यांना कागद वाचता येत होता, गाणे वाचता येत नव्हते. जे वाचता आले नाही त्याला त्यांनी गोंगाट म्हटले, आणि गोंगाट थांबवायला बंदूक आणली.

पण धडा वाया गेला नाही. त्याच देशाच्या पश्चिम भागात अबेओकुटा नावाचे शहर आहे, योरुबा लोकांचे. तिथे बायकांवर वेगळा कर होता. फुन्मिलायो रॅन्सम-कुटी नावाच्या शिक्षिकाबाईंनी आधी बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी साक्षरतेचे वर्ग काढले, मग त्यांची संघटना बांधली. १९४७ साली हजारो बायका तिथल्या राजाच्या वाड्यासमोर ठाण मांडून बसल्या. राजावर आणि करावर त्यांनी गाणी रचली, एक दोन नव्हे, कितीतरी. मोर्चाला परवानगी मिळेना, तेव्हा त्या म्हणाल्या, मोर्चा कुठला, आम्ही सणाला निघालो आहोत, सहलीला निघालो आहोत! अखेर बायकांवरचा तो कर थांबला, आणि १९४९ च्या जानेवारीत राजाला गादी सोडावी लागली. या बाईंच्या नात्यातला एक मुलगा तेव्हा शाळकरी होता. त्याने हे सगळे पाहिले आणि मोठेपणी, १९८१ साली, आपल्या बालपणाच्या पुस्तकात लिहिले. त्याचे नाव वोले सोयिंका. १९८६ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाईंचा स्वतःचा मुलगा फेला पुढे जगप्रसिद्ध गायक झाला आणि लष्करी सरकारविरुद्ध गात राहिला.

अबेओकुटाच्या बायकांनी हाती दोन्ही ठेवले, गाणे आणि पाटी. ओलोकोच्या बायकांनी कागद मागितला होता, यांनी तो वाचायलाही शिकून घेतले.

आता माझी एक गोष्ट सांगतो, आणि ती माझ्या कौतुकाची नाही. नोकरीची पहिली वर्षे होती. मावळ भागात चारसूत्री भात लागवडीचा प्रसार करायचा होता. पद्धत चांगलीच आहे. भाताचा तूस आणि पेंढा वापरायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, दोरीला खुणा करून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर आलटून पालटून ठेवून रोप लावायचे, आणि मधल्या चौकोनात युरिया-डीएपीची ब्रिकेट खोचायची. मी गावच्या देवळात तीस खातेदारांना गोळा केले, फळ्यावर आकृत्या काढल्या, हजेरीपटावर सह्या घेतल्या. तिसापैकी तीस पुरुष.

लावणीच्या दिवशी मी छत्री घेऊन बांधावर उभा. खाली चिखलात वीस-बावीस बायका वाकलेल्या. दोरी बांधाला तशीच पडून, आणि लावणी चालली आहे नेहमीसारखी, दाटीवाटीने. मी ओरडून सांगतो आहे, दोरी धरा, दोरी धरा! बायकांनी गाणे धरले. त्यात छत्री आली, माझे कोरडे पाय आले, दोरीला गाठी मारणारा शहाणा आला. शेवटी एक सवाल आला, की गाठी साहेबाच्या, पण मोडायचा कणा कोणाचा? सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसलो. गंमत चालली आहे असे वाटले, आणि वहीत लिहिले: ‘महिला मजुरांचे सहकार्य नाही.’

दुपारी भाकरी खाताना एका म्हाताऱ्या मावशीने मला जवळ बोलावले. म्हणाली, “साहेब, गाणं ऐकलंस, पण त्यातलं कायबी तुला कळलं न्हाय. आमी हे शेत उक्तं घेतलंय. दोरी धरली तर एका दिसाचं काम दीड दिसाव जातं. वरचा अर्धा दिस कोन देनार? तू मालकाला शिकवलंस. मालक कधी वाकतो का?”

मी गप्प झालो. तीस सह्यांचा हजेरीपट पिशवीत होता आणि एकही सही लावणी करणाऱ्या हाताची नव्हती. त्यांनी मला अडचण सांगितली होती, माझी चूकही दाखवली होती, तीही चालीवर. मी ती नोंदवली ‘सहकार्य नाही’ म्हणून. ओलोकोच्या त्या वहीवाल्या मास्तरात आणि माझ्यात किती फरक होता, ते तुम्हीच ठरवा.

पुढच्या वर्षी मी प्रात्यक्षिक देवळात घेतले नाही, चिखलात घेतले, आणि बायकांसमोर घेतले. आधी मालकांशी बोलून दोरीच्या लावणीचा वाढीव दर ठरवला. सगळ्या गावाने दोरी धरली असे नाही. चार शेतांत धरली. पण त्या चार शेतांत बायकांनीच खुणांची दोरी सुधारली, आणि मला सांगितले की दोरी ओढायला दोन टोकांना दोन पोरे दिली तर वेळ वाचतो. हे कोणत्याही पुस्तकात नव्हते.

आपल्या मुलखाला हे सगळे परके नाही. जात्यावर बसून आपल्या आज्यांनी सासुरवासाची, मारझोडीची, भावाने माहेर तोडल्याची जी गाऱ्हाणी ओवीतून मांडली, ती देवाला नाहीतर जात्याला सांगितली, कारण ऐकणारा दुसरा कोणी नव्हता. पुढे गाऱ्हाणी उंबऱ्याबाहेर आली. १९७२ पासून महागाईविरुद्ध मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. ज्या लाटण्याने पोळी लाटायची तेच वाजवून त्यांनी सांगितले, की लाटायला पीठ उरले नाही. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगमंचावर आणले. त्याला पडदा लागत नाही की शेज लागत नाही. गाणी आणि मोजक्या वस्तू घेऊन बायका गावोगाव गेल्या, आणि मुलगी झाल्यावर घरावर का अवकळा येते, हे त्यांनी लोकांना तोंडावर विचारले.

मुसळ काय, लाटणे काय, दोन्ही स्वयंपाकघरातली. ज्यांच्या हाती सनद नाही, शिक्का नाही, सातबारावर नाव नाही, त्यांनी हाताशी असेल तेच वाजवले. त्याला कोणी तमाशा म्हणाले, कोणी थिल्लरपणा म्हणाले. एवढेच सांगतो, की बाई जेव्हा चारचौघांत गाऊन बोलते, तेव्हा बहुतेक वेळा ती साधे बोलून आधीच थकलेली असते.

तेव्हा या महिन्यात दोन कामे करा. पहिले बंधूंसाठी. गावची ग्रामसभा भरण्याआधी महिलांची वेगळी सभा भरवायची असते, तसा आपल्या राज्याचा नियम आहे. पुष्कळ गावांत ती कागदावरच भरते. रजिस्टर घरोघर फिरते आणि अंगठे गोळा होतात. या वेळी ती खरोखर भरू द्या. तिथला ठराव मोठ्या सभेत वाचला जातो की नाही, ते पाहा. आणि पत्नीचे नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावायची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ सालापासून आहे. त्यासाठी तलाठ्याकडे एकदा चौकशी करा.

दुसरे काम भगिनींसाठी. त्या सभेत बोलायला जीभ अडखळली, तर गा. भोंडल्याची चाल घ्या, लावणीची घ्या, जात्याची घ्या. पाण्याचे गाऱ्हाणे असो, दारूचे असो, नाहीतर शेजाऱ्याच्या गाईचे. मात्र ओलोकोच्या बायकांची एक गोष्ट विसरू नका. गाणे संपल्यावर उठू नका. म्हणा, आता लिहून द्या. आणि काय लिहिले ते वाचून घ्या.

आणि मी, किंवा माझ्यासारखा दुसरा कोणी, वही घेऊन बांधावर उभा असेल, तर त्याला चिखलात उतरायला सांगा. चपला बांधावर काढून ठेवता येतात.

पुढच्या आठवड्यात भात लावणीनंतर पहिल्या वीस दिवसांत पाणी किती ठेवावे, ते पाहू.